कौतुकाचं पत्र कुठल्या टेबलला मार्क करायचं?

सरकारी हॉस्पिटलमधल्या सिस्टरची तक्रार करायची असेल तर छप्पन्न वाटा आहेत. पेटी आहे, पोर्टल आहे, ओळखीचा नगरसेवक आहे, काहीच नाही जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा, संध्याकाळपर्यंत लोकल चॅनलवाले दारात. पण एखादीने खरंच जीव लावून केलं आणि ते तिच्या साहेबांपर्यंत लेखी पोचवायचंय असं वाटलं तर कुठे जायचं हे कोणालाच धड सांगता येत नाही. आम्ही यंदा ते करून बघितलं. झालं शेवटी, पण अर्धंच झालं असं म्हणावं लागेल, ते पुढे येईलच.

आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सुरुवातीला प्रायव्हेटला होतो, तिथे डिपॉझिटवर डिपॉझिट भरून हात टेकले, मग मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलला हलवलं, ज्याला गावात अजून सगळे सिव्हिलच म्हणतात. कुठलं ते सांगत नाही, स्टाफची नावंही इथे देत नाही, ती पत्रात आहेत आणि जिथे पोचायची तिथे पोचलीत.

वॉर्ड कसा असतो हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. कॉट भरल्या की खाली गाद्या, गाद्या संपल्या की नुसत्या चटया, आणि रात्री एवढ्या सगळ्यांना मिळून एक सिस्टर, फार तर एक स्टुडंट जोडीला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे म्हणे की मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स आणि साध्या हॉस्पिटलात 5 मागे 1, वर सुट्ट्याबिट्ट्यांसाठी 30 टक्के जादा. हे मला आमच्या इन्चार्ज सिस्टरनीच सांगितलं आणि सांगताना त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बेडवरचे आजोबा उठून बसले.

आता नेमकं काय केलं त्यांनी ते सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे.

आईला नाकातून नळी घातली होती, तिच्यातून पातळ जेवण द्यायचं. प्रायव्हेटला हे काम नर्स करून निघून जायची, आम्ही बाहेर. इथे सिस्टर म्हणाल्या ताई तुम्हालाच शिकावं लागणार, घरी गेल्यावर मी थोडीच येणारे. मग त्यांनी मला उभं करून शिकवलं, आधी डोक्याकडची बाजू वर घ्यायची, अगदी बसल्यासारखं, सिरिंजने थोडं मागे ओढून बघायचं पोटातलं काही येतंय का, नळीवरची खूण नाकाशी जिथे होती तिथेच आहे का, मग सिरिंजचा दांडा काढून टाकायचा आणि नुसतं ओतायचं, ढकलायचं नाही, आपोआप जितकं जाईल तितकं. मी घाईघाईत दांड्याने ढकलायला गेले की माझ्या मनगटावर हलकीच चापटी. "भूक तिला लागलीय, घाई तुम्हाला झालीय." आणि हे सगळं चालू असताना त्या आईशी बोलत असायच्या, काकू आज वरणाचं पाणी आहे, काकू मीठ कमी आहे हां, लेकीने केलंय, सांभाळून घ्या. आई एक शब्द बोलू शकत नव्हती. आम्ही घरचेच तोपर्यंत तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागलो होतो, ती तिथे नसल्यासारखं. सिस्टरनी एकदाही तसं केलं नाही.

दुसऱ्या मावशी. मावशी म्हणजे वॉर्डातल्या, साफसफाईला असलेल्या, कागदावर त्यांचं काम फरशी आणि भांडी. पण दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचेला बेडसोर होतात, आणि आई चांगली जाडजूड, मी एकटी तिला हलवायला गेले की माझीच कंबर धरायची. मावशींनी एकदा बघितलं आणि झाडू भिंतीला टेकवून आल्या. "अगं पोरी, माणसाला काय ओढतीस, चादरीला धर." मग आडवी घडी केलेली एक चादर आईच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत सरकवली, एक बाजू त्यांनी गुंडाळून धरली, एक मी, आणि एक दोन तीन म्हणून आई अशी सहज कुशीवर आली की मला रडूच यायचं बाकी होतं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच अधांतरी. तेव्हापासून त्यांची ड्युटी असली की न सांगता यायच्या. जाताना आईचे केस विंचरून वेणी घालून जायच्या, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. महिन्याच्या आसपास आई तिथे होती, पाठीवर साधा लाल डागसुद्धा आला नाही.

(बेडसोर म्हटलं की मला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्स आठवतात. हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्याच सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना त्यांनी 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं, म्हणजे ज्या सिस्टर सुरुवातीला होत्या त्या रिटायर झाल्या आणि नंतर आलेल्या मुलींनी पुढे केलं, आणि इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोर झालेला नाही हे सुप्रीम कोर्टासमोर आलं होतं. मार्च 2011 च्या निकालात कोर्टाने केईएमच्या सगळ्या स्टाफचं कौतुक केलं, निकालपत्रातच. आईची पाठ पुसायला लागल्यावर मला कळलं की त्या एका वाक्यामागे किती हजार वेळा माणूस कुशीवर वळवणं आहे.)

आणि नाइटचे एक ब्रदर, त्यांच्याबद्दल थोडक्यात, रात्री आईला कफ दाटला तेव्हा सक्शन करून झाल्यावर ते स्टूल घेऊन तिथेच बसून राहिले, तिचा श्वास नीट चालेपर्यंत, आणि मला म्हणाले ताई तुम्ही झोपा, मी बघतो. मी खरंच झोपले.

सगळेच असे होते असं कोणी समजू नका. एक जण होत्या ज्यांना काही विचारलं की "समोर बोर्डावर लिहिलंय" एवढंच यायचं, आणि बोर्डावर काहीच लिहिलेलं नसायचं. पण म्हणूनच तर ज्यांनी केलं त्यांचं वेगळं निघायला हवं ना.

डिस्चार्जच्या दिवशी दादा पाकीट घेऊन आला. सिस्टरनी हातसुद्धा लावला नाही. मग पेढे आणले, ते वॉर्डभर वाटले, दहा मिनिटांत संपले, छान झालं. तेव्हा इन्चार्ज सिस्टर डिस्चार्ज कार्ड लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाल्या, "पेढे सगळेच देतात हो. द्यायचंच असेल तर लिहून द्या. आमच्या नावाचा कागद वर जातो तो फक्त तक्रारीचाच." दादा म्हणाला देतो की, त्यात काय. दादाला प्रत्येक गोष्टीत त्यात काय वाटतं.

पहिली अडचण नावांचीच आली. महिनाभर आम्ही सिस्टर, ब्रदर, मावशी एवढंच म्हणत होतो. मी नंतर आईची औषधं घ्यायला गेले तेव्हा वॉर्डात जाऊन पूर्ण नाव विचारलं, तर ज्या बाईने माझ्या आईला भरवलं त्याच सिस्टर एकदम सावध झाल्या. "कशाला? काय झालं?" मी म्हटलं चांगलं लिहायचंय. तरी चेहरा काही सैल होईना, म्हणाल्या काकू बऱ्या आहेत ना आधी ते सांगा. ब्रदरनी तर सरळ विचारलं, माझ्या ड्युटीत काही हरवलं का तुमचं. शेवटी मी लिहून आणलेला कच्चा कागद दाखवला तेव्हा कुठे नावं मिळाली, हुद्द्यासकट, कारण हुद्दा नीट लागतो. आपण सगळ्यांना सिस्टर म्हणतो, पण कागदावर त्या अधिपरिचारिका असतात, इन्चार्ज म्हणजे परिसेविका आणि मेट्रन म्हणजे अधिसेविका. हे चुकलं तर पत्र भलतीकडेच फिरतं.

मसुदा दादाने लिहिला होता. त्यात देवदूत होते, देवमाणूस होते, माणुसकीचा झरा होता, अहोरात्र झटणारे हात होते. वाचून आनंद झाला पण कोणाबद्दल आहे ते कळेना, तेच पत्र पोस्टमनला दिलं असतं तरी चाललं असतं. त्याच सुमारास माझ्या आत्येबहिणीशी बोलणं झालं, ती अमेरिकेत ओहायोला असते, तिची मुलगी लवकर जन्मली म्हणून एनआयसीयूमध्ये, म्हणजे तान्ह्या बाळांच्या आयसीयूत होती. ती म्हणाली आमच्याकडे भिंतीवर क्यूआर कोड असतो, स्कॅन करायचा आणि नर्सबद्दल लिहायचं, डेझी अवॉर्ड म्हणतात. मला वाटलं कंपनीची काही स्कीम असेल, पण त्यामागे एका घराची गोष्ट आहे. पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा माणूस, 1999 साली सिॲटलमध्ये वारला. आयटीपी म्हणून आजार असतो, शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या प्लेटलेट मारत सुटते. त्याच्या घरच्यांच्या लक्षात राहिलं ते नर्सचं वागणं, म्हणून त्यांनी संस्था काढली आणि हा पुरस्कार सुरू केला, आता कित्येक देशांत, हजारो हॉस्पिटलांत देतात. तो आजारी असताना त्याला जेवण जात नव्हतं, वडिलांच्या हातातल्या सिनॅमन रोलचा घास त्याने खाल्ला, आवडला, आणि म्हणाला उद्या माझ्यासाठी आणाल तेव्हा नर्सना पण आणा. म्हणून अजून त्या कार्यक्रमात सिनॅमन रोल वाटतात, आणि झिम्बाब्वेच्या कारागिरांनी दगडात कोरलेली एक छोटी मूर्ती देतात. म्हणजे पेढे तिकडेही आहेतच, फक्त पेढ्यांसोबत कागद आहे.

बहिणीने कामाची गोष्ट सांगितली ती अशी की त्या फॉर्मवर नर्स किती महान आहे हे विचारत नाहीत, तिने काय केलं ते सांगा म्हणतात. एखादा प्रसंग. मग मी दादाचे सगळे देवदूत काढले आणि लिहिलं की अमुक वॉर्ड, अमुक बेड, अमुक तारखेच्या सुमारास, सकाळच्या ड्युटीत यांनी नळीने भरवायला शिकवलं, असं असं शिकवलं, आई बोलू शकत नसताना तिच्याशी बोलत राहिल्या, रात्री यांनी सक्शन केलं आणि बसून राहिले, यांनी चादरीने वळवायला शिकवलं, त्यामुळे बेडसोर झाला नाही. दादा म्हणाला हे तर पंचनाम्यासारखं वाटतंय. वाटू दे.

पत्र कोणाला द्यायचं? वॉर्डाबाहेर तक्रार व सूचना पेटी आहे, तिला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे आहे यावर तीन जणांची तीन मतं होती. मला वाट दाखवली ती समाजसेवा अधीक्षक बाईंनी, ज्या योजनेच्या कागदांसाठी आम्हाला आधीच भेटल्या होत्या. (हे पद प्रत्येक मोठ्या सरकारी हॉस्पिटलात असतं आणि पेशंटच्या नातेवाइकांना शेवटच्या दिवशी कळतं की ही बाई आपल्यासाठीच बसलेली होती.) त्या म्हणाल्या पेटीत टाकू नका, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहा, खाली प्रत म्हणून अधिष्ठाता आणि अधिसेविका लिहा, विषयात "उत्कृष्ट रुग्णसेवेबाबत अभिप्राय" टाका, आणि आवक-जावकला देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आवक-जावकला एक काका होते. त्यांनी पत्र न वाचताच विचारलं, "तक्रार का?"

"नाही, कौतुक आहे."

"म्हणजे?"

"स्टाफने चांगलं काम केलं त्याबद्दल."

त्यांनी चष्मा वर केला, पत्र वाचलं, पूर्ण वाचलं, मग रजिस्टर उघडलं आणि पेन तसंच धरून बसले. तक्रार असती तर चौकशीच्या टेबलला मार्क केली असती, बिलाचं असतं तर लेखाला, रजेचं असतं तर आस्थापनेला. हे कुठल्या टेबलला मार्क करायचं? शेजारच्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या आस्थापनेलाच द्या, स्टाफचं आहे ना. मग रजिस्टरमध्ये "संकीर्ण" लिहिलं, शिक्का मारला, नंबर टाकला आणि पोच दिली. आणि मग स्वतःच म्हणाले, मेट्रनला हातात नेऊन द्या, इथून खाली जायला वेळ लागेल. हा सल्ला सोन्याचा निघाला.

मेट्रन मॅडम म्हणजे सगळा वॉर्ड ज्यांना घाबरतो त्या. त्यांनी पत्र वाचलं आणि मला बसायला सांगितलं, जे आमच्या सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे क्वचित घडतं. त्यांनी तीन गोष्टी केल्या. पत्राची झेरॉक्स वॉर्डाच्या नोटीस बोर्डावर लावायला दिली. सिस्टर आणि ब्रदरच्या पर्सनल फाईलला एकेक प्रत लावा असं वर हिरव्या शाईने लिहिलं. आणि गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली की हे मला आठवेल, म्हणाल्या. वर्षाच्या शेवटी साहेब जे लिहितात तो अहवाल, प्रमोशनच्या वेळी तोच उघडतात, त्यामुळे हे नुसतं कौतुक न राहता कामाला येणारं होतं.

मी विचारलं की राष्ट्रीय पुरस्कार असतो ना, फ्लोरेन्स नाइटिंगेल? तो केंद्राचा आरोग्य विभाग 1973 पासून देतोय, राष्ट्रपतींच्या हस्ते, 12 मेच्या जागतिक परिचारिका दिनाच्या निमित्ताने. मॅडम म्हणाल्या त्याला अर्ज करावा लागतो, वरून शिफारस लागते, केलेल्या कामाचे कागद जोडावे लागतात, आणि इथेच आमच्या पोरी अडकतात, तीस-तीस वर्षं नोकरी झालेली असते आणि दाखवायला एक कागद नसतो, कारण ज्यांची सेवा केली ते पेशंट बरे होऊन घरी गेले. अख्ख्या देशातून दर वर्षी मूठभर लोकांना तो मिळतो, आमच्या सिस्टरना मिळेल असं मी म्हणत नाही, पण अर्ज करावासा वाटला तर फाईलमध्ये एक पान तरी आहे.

मग मी मावशींचं विचारलं. मॅडम थांबल्या. "ती आपली नाही ना."

म्हणजे मावशी कंत्राटी. एजन्सीमार्फत आलेल्या. त्यांना सेवापुस्तक नाही, पर्सनल फाईल नाही, गोपनीय अहवाल नाही, रजा नाही, त्यामुळे कौतुक लावायला जागाच नाही. त्यांच्याबद्दलचं पत्र नियमाप्रमाणे ठेकेदाराकडे पाठवायचं, आणि टेंडर संपून ठेकेदार बदलला की पत्रही गेलं आणि कदाचित मावशीही गेल्या. शिवाय मॅडमनी हळूच अजून एक सांगितलं की पेशंटला वळवणं हे त्यांच्या कामात लिहिलेलंच नाही, तुम्ही लिहिलंत की त्यांनी वळवलं, उद्या कोणी म्हणेल सफाई सोडून हे कशाला करत होती. बोला आता. ज्या कामाने आईची पाठ वाचली तेच काम कागदावर त्यांच्या विरोधात जाऊ शकत होतं.

मला राग आला, मेट्रनचा नाही, त्या बिचाऱ्या जे आहे ते सांगत होत्या. हॉस्पिटल ज्यांच्या जिवावर रात्र काढतं त्यातला अर्धा स्टाफ कोणाचाच नाही, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. सिस्टरला निदान फाईल आहे.

यावर वाट मेट्रन मॅडमनीच काढली, हे श्रेय त्यांचं. आमच्या पत्रात "सिस्टरांच्या देखरेखीखाली रुग्णास मदत केली" असं वाक्य घालायला लावलं, म्हणजे विषय मिटला. मग मावशींसाठी वेगळं पत्र घेतलं, आणि त्याच्या आधारावर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, "संबंधितांस" असं लिहून, एक प्रमाणपत्र तयार करायला सांगितलं, म्हणजे उद्या कुठल्याही ठेकेदारासमोर ठेवता येईल. अधीक्षक साहेबांची सही मिळायला बरेच दिवस गेले, कधी साहेब मीटिंगला, कधी लेटरहेड संपलेलं, कधी टायपिंगवाली मुलगी रजेवर, पण सही झाली, गोल शिक्क्यासकट.

12 मेच्या कार्यक्रमाला आम्हालाही बोलावलं होतं. दिवा, शपथ, भाषणं, गुलाबाचं फूल. आमच्या सिस्टरना स्टेजवर बोलावून पत्रातला थोडा भाग वाचला, त्या मान खाली घालून उभ्या होत्या आणि मागे स्टुडंट मुली शिट्ट्या मारत होत्या. ब्रदर नाइट करून झोपले होते, आलेच नाहीत. मावशी हॉलमध्येच होत्या, खुर्च्या लावत होत्या. दिवस परिचारिकांचा, त्यामुळे त्यांचं नाव यादीत नव्हतं, ते मी आधी बोलूनही झालं नाही. कार्यक्रम संपल्यावर मेट्रन मॅडमनी त्यांना बोलावून प्रमाणपत्र हातात दिलं, स्टेजच्या खाली, चहाच्या टेबलाजवळ. दादाने फोटो काढला. मला ते पुरेसं वाटलं नाही, मावशींना वाटलं, आता काय करणार.

कोणाला असं लिहायचं असेल तर पेशंट ॲडमिट असतानाच नावं आणि ड्युटी टिपून ठेवा, नंतर कोणी सांगत नाही, आणि पोच जपून ठेवा. डॉक्टरांसाठी वेगळं लिहा, एकाच पत्रात सगळे घातले की सिस्टरची पानं डॉक्टरच्या नावाखाली जातात.

मावशींनी ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं. मुकादमाला दाखवलं तर त्याने विचारलं, वर कोण आहे गं तुझं ओळखीचं? त्या म्हणाल्या कोण नाही, एक पेशंट होती. त्याचा विश्वास काही बसला नाही. परवा त्यांचा फोन आला होता, आईची चौकशी केली, आई आता डाव्या हाताने चमचा धरते ते सांगितलं, आणि मग जरा घुटमळून म्हणाल्या की शेजारच्या वॉर्डातल्या दोघी मावश्या मागे लागल्यात, त्यांचं पण असं काहीतरी करून द्या म्हणून, तर ताई तुमच्या घरात सध्या कोणी आजारी वगैरे नाही ना?